माणसे जोडण्याची विद्या : वऱ्हाडातील काही धडे

शासनाची कोणतीही योजना कागदावर कितीही निर्दोष असली, तरी ती अखेरीस एका माणसाने दुसऱ्या माणसाला सांगावी लागते. तलाठी आणि खातेदार, शिक्षक आणि पालक, ग्रामसेवक आणि सरपंच, परिचारिका आणि माता अशा जोड्यांमधील बोलणे जेथे नीट होते तेथे योजना रुजते. जेथे ते होत नाही तेथे निधी खर्च होतो, नोंदवहीही भरते, परंतु गाव होते तेथेच राहते. म्हणूनच लोकांशी वागण्या-बोलण्याचे कौशल्य हा लोकसेवकाच्या कामाचाच एक भाग मानला पाहिजे. ते स्वभावाने लाभलेले वरदान आहे आणि ज्याला नाही त्याला ते येणारच नाही, अशी एक समजूत रूढ आहे. ती खरी नाही. हिशेब किंवा मोजणी जशी शिकता येते, तसे हे कौशल्यही शिकता येते आणि सरावाने वाढविता येते.

या विद्येची उदाहरणे शोधण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे धाव घेण्याचे कारण नाही. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या भूमीत ती विपुल आहेत. त्यांपैकी काहींचा अभ्यास प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐकण्याची जुनी परंपरा

मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून ओळखला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध झाला. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना म्हाइंभटांनी गाठले, विचारले आणि जे ऐकले ते नोंदवून ठेवले. मराठी गद्याचा पायाच अशा रीतीने ऐकून घेण्यावर रचला गेला. आज रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. तेथील पहिल्या ग्रंथामागे विद्वत्तेइतकीच ऐकून घेण्याची चिकाटीही होती, ही गोष्ट लोकांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अलीकडच्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच संत गाडगे महाराजांचे होय. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे मामांच्या घरी गेले. गुरे राखणे आणि शेत कसणे हेच त्यांचे शिक्षण. मामांची शेती सावकारी कर्जात कशी गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. न समजलेल्या कागदावर उठविलेला अंगठा एका कुटुंबाला किती महाग पडतो, याचा अनुभव त्यांना घरातच आला होता. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले आणि पुढील अर्धशतक ते महाराष्ट्रभर हिंडत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यापाशी अधिकारपद नव्हते, औपचारिक शिक्षण नव्हते आणि कोणाला शिक्षा करण्याची सत्ताही नव्हती. तरीही त्यांच्या शब्दावर गावे स्वच्छ झाली, धर्मशाळा आणि घाट उभे राहिले, अनेकांनी दारू सोडली, नवसाची पशुहत्या अनेक ठिकाणी थांबली. हे कसे साधले, असा प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे.

गाडगे महाराजांच्या पद्धतीतील चार गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे कृती आधी आणि उपदेश नंतर. महाराज गावात आले की प्रथम हाती खराटा घेत. दिवसभर झाडलेल्या रस्त्यावरूनच लोक रात्री कीर्तनाला येत. स्वच्छतेवर बोलण्याचा अधिकार त्यांनी बोलण्यापूर्वीच मिळविलेला असे. आज शौचालयाच्या वापराविषयी गावाला सांगणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कार्यालयाचे शौचालय कुलूपबंद असेल, तर त्याच्या शब्दाला कोणते वजन राहणार?

दुसरी गोष्ट प्रश्नांची. त्यांचे कीर्तन हे एकट्याचे भाषण नसे. ते समोरच्या लोकांना साधा प्रश्न विचारत, लोक एकमुखाने उत्तर देत, त्या उत्तरातून ते पुढचा प्रश्न काढत. अशा पाच-सात प्रश्नांनंतर श्रोता ज्या निष्कर्षावर येई, तो त्याला आपलाच वाटे. बाहेरून लादलेले मत माणूस घराच्या वाटेवरच टाकून देतो, स्वतःच्या तोंडून निघालेले मत मात्र त्याला टाकता येत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. ते वऱ्हाडी बोलत आणि दृष्टान्त शेताचे, गुरांचे, कर्जाचे, लग्नातील खर्चाचे देत. श्रोता बदलला की दृष्टान्त बदले. नोव्हेंबर १९५६ मध्ये, देहावसानापूर्वी काही आठवडे, मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर त्यांनी जे कीर्तन केले, त्यातही पद्धत हीच होती. खेड्यातील शेतकरी असो की शहरातील शिपाई, त्याच्या जगण्यातील वस्तू उचलून त्याच्याशी बोलायचे, हा त्यांचा नियम होता.

चौथी गोष्ट त्यांनी स्वतः काय घेतले याची. ते कोणाला पाया पडू देत नसत. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळा, विद्यार्थी आणि गोरक्षण यांच्या कामी लावला. बोलणाऱ्याला आपल्याकडून स्वतःसाठी काही नको आहे, याची खात्री पटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनातील शंका गळून पडते. लोकांचा विश्वास ज्याला हवा, त्याने आपल्या वागण्यातून ही खात्री आधी दिली पाहिजे.

याच भूमीतील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) वेगळे साधन वापरले. खंजिरीवरील भजन आणि सामुदायिक प्रार्थना यांच्या द्वारे त्यांनी माणसांना एकत्र बसण्याची सवय लावली. ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त त्यांनी गावाच्या कारभाराचा आणि परस्पर संबंधांचा सविस्तर विचार केला आहे. ज्या गावात लोक रोज थोडा वेळ एकत्र बसतात तेथे भांडण विकोपाला जाण्यापूर्वी बोलण्याची संधी मिळते. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाच्या कार्यातील हा व्यावहारिक भाग विशेष विचारात घेण्यासारखा आहे.

कार्यालयाची भाषा आणि गावाची भाषा

‘आपला अर्ज विहित नमुन्यात व आवश्यक त्या सहपत्रांसह प्राप्त न झाल्याने तो निकाली काढण्यात येत आहे’ असे पत्र एखाद्या वृद्ध खातेदाराला मिळाले, तर अर्ज मंजूर झाला की नामंजूर, एवढेही त्याला कळत नाही. तो तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालतो किंवा कोणा मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवतो. त्याच पत्राखाली ‘आपण सातबाराचा उतारा जोडलेला नाही, तो जोडून अर्ज पुन्हा द्यावा’ अशी एक ओळ लिहिली, तर त्याचे दोन हेलपाटे वाचतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. परंतु तो हक्क वापरता यावा यासाठी काय उणे आहे हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगणे, हे कर्मचाऱ्याच्या जिभेवर आणि लेखणीवर अवलंबून राहते.

बोलतानाही हाच विचार हवा. वऱ्हाडात ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘कशाला’ऐवजी ‘कायले’ असे बोलले जाते. ‘भाऊ’, ‘बाप्पा’, ‘माय’ ही संबोधने येथे सहज येतात. अन्य भागातून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला वऱ्हाडी बोलता आलेच पाहिजे असे नाही आणि तिची नक्कल तर कधीच करू नये. नक्कल ही थट्टा वाटते. मात्र ती कान देऊन समजून घेणे आणि समोरच्याला त्याच्या भाषेत बोलू देणे, एवढे सौजन्य अपेक्षित आहे. वडीलधाऱ्या माणसाला ‘काका’ किंवा ‘भाऊ’ म्हणून बसावयास सांगितले, तर कार्यालयाच्या प्रतिष्ठेला कोणतीही बाधा येत नाही.

मेळघाटात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांत मोठ्या संख्येने असलेल्या कोरकू समाजाची मातृभाषा मराठीहून सर्वस्वी वेगळ्या, मुंडा भाषाकुळातील आहे. आजारी बालकाच्या मातेला मराठीत दिलेली सूचना तिला समजली की नाही, हे तिच्या मान हलविण्यावरून ठरत नाही. अनेकदा ती केवळ आदरापोटी मान हलविते. येथे कोरकू जाणणाऱ्या आशा कार्यकर्तीला सोबत घेणे, सूचना दिल्यावर ‘आता घरी गेल्यावर काय कराल, ते सांगा’ असे मातेलाच विचारणे आणि तिच्या उत्तरातील चूक रागावल्याविना दुरुस्त करणे, या गोष्टींवर बालकाचा जीव अवलंबून असू शकतो. आजारी बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागण्याची ‘डंबा’ ही घातक प्रथा मातेला दोष दिल्याने बंद होत नाही. रागावलेली माता पुढच्या वेळी आरोग्य केंद्राऐवजी भुमकाकडे जाते आणि ती गोष्ट लपवून ठेवते. म्हणूनच भुमकांना विरोधक न मानता त्यांना आरोग्य यंत्रणेशी जोडून घेण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांमागील विचार योग्य होता.

धारणी तालुक्यातील बैरागड येथे दीर्घकाळ वैद्यकीय सेवा करणारे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली. रुग्णसेवा करीत असताना लोकांच्या अडचणी औषधापुरत्या नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा जनावरांचे आजार आणि शेती यांचाही अभ्यास करून त्यांनी गावकऱ्यांना मदत केली. लोकांना काय हवे आहे हे आधी विचारावे आणि उत्तर आपल्या विषयाबाहेरचे आले तरी ते बाजूला सारू नये, हा धडा त्यांच्या कार्यातून मिळतो.

ऐकल्याने काय घडते

ऐकून घेण्याने प्रत्यक्षात काही साध्य होते काय, अशी शंका पुष्कळांना येते. तिचे उत्तर अमरावती जिल्ह्यातच मिळाले आहे. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन, बेभरवशाचा पाऊस, कर्ज आणि पडलेले भाव यांमुळे पश्चिम विदर्भातील शेतकरी कुटुंबांवर येणारा ताण सर्वविदित आहे. या पार्श्वभूमीवर जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. त्यात स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. घरोघरी आणि लहान बैठकांतून बोलणे, दुःखी माणसाचे ऐकून घेणे, आवश्यक त्यास समुपदेशन देणे आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे पाठविणे, असे त्याचे स्वरूप होते.

या कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी अवघे ४.३ टक्के होते; १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के आढळले. तुलनेसाठी कार्यक्रमाविना ठेवलेली गावे या अभ्यासात नव्हती, त्यामुळे सर्व श्रेय एकाच कारणाला देता येणार नाही. तरीही ज्या दुःखाविषयी बोलण्याची सोय नव्हती, त्यासाठी गावातच कान उपलब्ध झाल्यावर लोक पुढे आले, एवढे निश्चित दिसते. हे काम करणाऱ्यांत मोठी पदवी नसलेली, गावातीलच, शिकविलेली माणसे होती, ही बाब या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

खेड्यातील माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. झोप येत नाही, मन लागत नाही, डोके जड राहते, असे तो सांगतो. पुष्कळदा तेही सांगत नाही. नेहमी चार माणसांत बसणारा शेतकरी बाहेर पडेनासा होतो, ‘आता कशात राम नाही’ असे बोलू लागतो, देणी-घेणी घाईने मिटवू पाहतो. ही चिन्हे ग्रामसेवक, कृषी सहायक, बँकेचा कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या नजरेस सर्वांत आधी पडू शकतात. अशा वेळी ‘धीर धरा, सर्वांनाच त्रास आहे’ असे म्हणून विषय संपवू नये. बाजूला बसवून, घाई न करता, ‘काय झाले?’ असे विचारावे; मध्ये न बोलता ऐकावे; जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे स्पष्ट शब्दांत विचारण्यास कचरू नये. तसे विचारल्याने तो विचार बळावतो, ही भीती निराधार आहे. उत्तर चिंताजनक असल्यास त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे, कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी आणि आरोग्य केंद्राशी त्वरित संपर्क साधावा. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

धुऱ्यावरचे भांडण

गावातील निम्मी कटुता धुऱ्यावर आणि पांदणीत जन्माला येते. शेतात जाण्याचा रस्ता अडविला की पेरणीच्या दिवसांत बैलगाडी किंवा ट्रॅक्टर अडून राहतो आणि दोन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बोलेनाशी होतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ यांन्वये तहसीलदाराला याबाबत अधिकार आहेत. मात्र आदेशाने मोकळा झालेला रस्ता पुढील हंगामात पुन्हा अडविला जातो, हा अनुभव नवा नाही. दोघांनी स्वीकारलेला निर्णयच टिकतो. १५ ऑगस्ट २००७ पासून राबविण्यात आलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचे सूत्र हेच होते.

तडजोडीच्या बैठकीचे शास्त्र थोडक्यात सांगता येईल. दोन्ही पक्षांना प्रथम स्वतंत्रपणे भेटावे, म्हणजे चारचौघांत न बोलता येणारी गोष्ट कळते. बैठक कोणाच्याही ओट्यावर न घेता शाळेत किंवा ग्रामपंचायतीत घ्यावी. प्रत्येकाला बोलण्यास सारखा वेळ द्यावा आणि एक बोलत असता दुसऱ्याने मध्ये बोलू नये, हा नियम आरंभीच मान्य करून घ्यावा. पहिल्याचे म्हणणे संपल्यावर दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगावे व ‘असेच ना?’ असे विचारावे. ही साधी रीत अनेक गैरसमज जागच्या जागी मिटविते. वीस वर्षांपूर्वीचा अपमान निघाला तर तोही ऐकून घ्यावा, कारण कित्येकदा खरे भांडण त्याचेच असते आणि धुरा हे निमित्त असते. मग प्रत्येकाची मागणी आणि तिच्यामागील गरज वेगळी करावी. एकाची मागणी ‘रस्ता देणार नाही’ अशी असते, पण त्याची गरज उभे पीक तुडविले जाऊ नये एवढीच असू शकते. गरज कळली की मार्ग निघतो. जे ठरेल ते तेथेच लिहावे, वाचून दाखवावे आणि मगच सह्या घ्याव्यात.

मात्र प्रत्येक प्रकरण तडजोडीचे नसते. स्त्रीवरील अत्याचार, जातीवरून केलेला छळ किंवा गंभीर गुन्हा यांत ‘मिटवून घ्या’ असे म्हणणे हा अन्यायच होय. तेथे कायद्याचा मार्ग दाखविणे आणि पीडिताच्या सोबत उभे राहणे, हेच कर्तव्य आहे.

सहमतीची गरज शेतीतही पदोपदी लागते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भात मोठे नुकसान केले. हंगाम संपल्यावर फरदड ठेवू नये, असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात. कारण एका शेतात राहिलेली फरदड पुढील हंगामात शेजारच्या दहा शेतांना भोवते. येथे कोणत्याही आदेशापेक्षा गावाचे एकमत अधिक उपयोगी पडते. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘शिवार फेरी’ या दृष्टीने आदर्शवत आहे. शेतकरी प्रत्यक्ष प्रक्षेत्रावर येतो, उभे पीक पाहतो, शास्त्रज्ञाला उलट प्रश्न विचारतो. जे डोळ्यांनी पाहिले आणि ज्यावर शंका विचारता आली, त्यावर त्याचा विश्वास बसतो.

ग्रामसभा आणि नवे सदस्य

ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. गणपूर्तीचा अंक गाठला म्हणजे ग्रामसभा झाली, असे मात्र नव्हे. नेहमीचे चार जण बोलतात आणि मागे बसलेले उठून जातात, हे चित्र बदलणे सरपंचाच्या हाती आहे. विषयपत्रिका सोप्या भाषेत आधी वाचून दाखविणे, मागे बसलेल्यांना नावाने व आदराने बोलाविणे, गेल्या सभेतील ठरावांचे काय झाले ते प्रथम सांगणे आणि विरोधकाचे म्हणणे इतिवृत्तात जसेच्या तसे घेणे, एवढ्याने सभेचे रूप पालटते.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. तरीही काही ठिकाणी कर्मचारी सरपंचबाईंसमोर उभे राहून प्रश्न मात्र त्यांच्या पतीला विचारतात. ही पद्धत तत्काळ सोडली पाहिजे. ‘ताई, या ठरावाबाबत आपले मत काय?’ असा प्रश्न थेट त्यांनाच विचारावा आणि उत्तरास वेळ लागला तर थांबावे. पहिल्या दोन-तीन सभांत लाभलेला हा आदर पुढील पाच वर्षांचा कारभार घडवितो.

शाळेतील पायाभरणी

या विद्येचे खरे बीजारोपण शाळेत होते. घरी वऱ्हाडी किंवा कोरकू बोलणारे मूल वर्गात उत्तर देते आणि त्याच्या शब्दावर हशा पिकतो. त्या दिवसापासून ते बोलणे सोडते. पुढे मुलाखतीच्या टेबलासमोर त्याचे ज्ञान आडवे येत नाही, ती जुनी भीती आडवी येते. शिक्षकाने प्रथम मुलाचे उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहावे. प्रमाण मराठीतील शब्द त्यानंतर, त्याच्या शब्दाला हलके न लेखता, शिकवावा. दररोज एका मुलाने पाच मिनिटे काही सांगावे, दुसऱ्याने ऐकून त्यावर एक प्रश्न विचारावा, इतक्या लहान उपक्रमाने वर्षाअखेर वर्ग बोलका होतो. नोकरीसाठी पुणे-मुंबईकडे जाणाऱ्या तरुणाला याचा जितका उपयोग होतो, तितकाच गावात दुकान किंवा दुग्धव्यवसाय उभारणाऱ्यालाही होतो.

पालकांशी असलेला संबंधही तितकाच मोलाचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. मजुरीला जाणाऱ्या मातेला सकाळी अकराच्या बैठकीस बोलावणे म्हणजे तिला न बोलावणेच होय. मूल चुकले की पालकाला बोलाविण्याचा प्रघात आहे. मूल चांगले वागले म्हणूनही एकदा पालकाला निरोप जावा. मग कठीण प्रसंगी तोच पालक शिक्षकाचे शब्द मोकळ्या मनाने ऐकेल.

कार्यालयातील संबंध आणि सेवेतील उन्नती

सेवेतील उन्नती ज्येष्ठता, परीक्षा आणि कार्यमूल्यमापन यांवर ठरते, हे खरे. पण ज्याच्यावर अवघड काम विश्वासाने सोपविले जाते, तो कर्मचारी बहुधा माणसे सांभाळणारा असतो. त्याला माहिती वेळेवर मिळते, कारण कोणी त्याला घाबरून काही लपवीत नाही. शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सर्वांशी त्याची भाषा एकच असते. सहकाऱ्याची चूक तो खोलीत एकट्याला सांगतो आणि त्याचे चांगले काम चारचौघांत सांगतो. वरिष्ठांशी मतभेद झाल्यास तो आपले मत कारणांसह नम्रपणे टिपणीत मांडतो व निर्णय झाल्यावर मनापासून अंमल करतो. जे काम होणार नाही, त्याला तो पहिल्याच दिवशी ‘होणार नाही’ म्हणतो आणि कारणही सांगतो. ‘उद्या या’ हे दोन शब्द शासनाची जितकी अप्रतिष्ठा करतात, तितकी स्पष्ट नकार कधीच करीत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. गोड बोलणे म्हणजे संबंध जोडणे नव्हे. काम न करता केवळ हसून बोलणारा माणूस लोक लवकर ओळखतात. त्याचप्रमाणे आपुलकीच्या पोटी नियम वाकविणारा कर्मचारी एकाला खूश करतो आणि रांगेतील नव्वद जणांवर अन्याय करतो. वचन थोडे द्यावे आणि दिलेले पाळावे, हा सर्व संबंधांचा आधार आहे.

अभ्यासासाठी

पंचायत समितीच्या मासिक बैठकीत, शिक्षकांच्या केंद्र संमेलनात किंवा ग्रामपंचायतीत पुढील उपक्रम घेता येतील.

१) आपल्या कार्यालयातून गेलेली पाच पत्रे घ्यावीत. शासनाशी संबंध नसलेल्या गावकऱ्याला ती वाचून दाखवावीत आणि त्याला काय समजले ते विचारावे. जे समजले नाही ते वाक्य सर्वांनी मिळून नव्याने लिहावे.

२) दोघांच्या जोड्या कराव्यात. एकाने तीन मिनिटे आपली अडचण सांगावी; दुसऱ्याने सल्ला न देता ऐकावे आणि शेवटी ती आपल्या शब्दांत परत सांगावी. नंतर भूमिका बदलाव्यात. तीन मिनिटे सल्ला न देणे किती कठीण आहे, हे प्रत्येकाच्या ध्यानात येईल.

३) गावातील एक जुना धुऱ्याचा किंवा पांदणीचा वाद, नावे न घेता, चर्चेस घ्यावा. दोन्ही पक्षांची मागणी एका स्तंभात आणि गरज दुसऱ्या स्तंभात लिहावी.

४) गेल्या महिन्यात आपण दिलेल्या शब्दांची यादी प्रत्येकाने स्वतःपुरती करावी आणि किती पाळले ते मोजावे.

गाडगे महाराजांनी खराटा आणि प्रश्न या दोन साधनांनी माणसे जोडली. ती साधने आजही प्रत्येकाच्या आवाक्यात आहेत. त्यांना पदाचा आणि कायद्याचा आधार लाभलेला लोकसेवक त्यांचा उपयोग करील, तर कार्यालयाच्या दारात ताटकळणारा वृद्ध, मान हलविणारी कोरकू माता आणि गप्प झालेला शेतकरी या तिघांनाही आपले म्हणणे ऐकणारे कोणीतरी आहे, असा विश्वास वाटेल. विकासाच्या कामाचा आरंभ त्या विश्वासापासून होतो.